सासूबाईंनी उचललेलं कडवं

लग्न होऊन मी महाडहून सासरी आले, तेव्हा मला चिखलात नीट उभंही राहता येत नव्हतं. वडील कचेरीत कारकून, घर बाजारपेठेच्या मागे, शाळा हाकेच्या अंतरावर. मॅट्रिकपर्यंत शिकले होते. शाळेत प्रार्थना सांगायचे, रेडिओवरचं गाणं दोनदा ऐकलं की म्हणून दाखवायचे, आणि त्यामुळे आपल्याला गाणं येतं असा माझा पक्का समज होता. सासर पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठच्या एका गावातल्या बौद्धवाडीत. नवरा प्राथमिक शिक्षक, त्याची शाळा वरंधच्या बाजूला. सोमवारी सकाळी निघायचा, तो शनिवारी दुपारनंतर घरी. मधले सगळे दिवस घरात मी आणि सासूबाई, अशा आम्ही दोघीच. सासरे मी यायच्या आधीच वारले होते.

सासूबाई कमी बोलायच्या. अंगाने बारीक, रंगाने काळ्या, आणि चालणं इतकं जलद की त्यांच्या मागून जाताना मला धावावं लागायचं. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत. पण सुरुवातीला त्यांनी कौतुकही केलं नाही. मी भाकरी करपवली तर त्या ती उलटून बघायच्या आणि खायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्या लावणीला त्यांनी मला शेतात नेलं. डोक्यावर इरलं, पोटरीपर्यंत चिखल, हातात आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची जुडी. बायका वाकून ओळीने मागे मागे सरकत होत्या आणि मी एकटीच पुढे राहिले होते, पाण्यातल्या बगळ्यासारखी. आमच्या वाडीतल्या बायका आणि गावातल्या बायका त्या शेतात एकत्र राबायच्या. पाणी प्यायची वेळ झाली की दोन घोळके वेगळे व्हायचे, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. पण गाणं सगळ्यांचं एकच चालायचं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, मग दुसरीने पुढची जोडायची. आणि या सगळ्यात वरचढ आवाज होता माझ्या न बोलणाऱ्या सासूबाईंचा. मी थक्क होऊन ऐकत राहिले. रेडिओवरच्या बायकांसारखा तो गोड नव्हता. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा होता, पण सुरावर पक्का.

ओळ फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि थांबली. सगळ्या मान वळवून बघू लागल्या. मला ना चाल धड येत होती ना शब्द. लाजेने कान तापले. तोंडातून जे आलं ते मी म्हटलं:

*शहरगावची गो पोरगी, तिला चिखल ठावा नाय,*
*हातात जुडी आवनाची, न् जीव माहेरी जाय.*

मग जो हशा उठला तो बांधापलीकडच्या शेतापर्यंत गेला. एक म्हातारी चिखलातच मटकन बसली हसून. मला वाटलं, झालं, आता जन्मभर चेष्टा. तेवढ्यात सासूबाईंनी माझी ओळ उचलली आणि आपल्या आवाजात परत म्हटली, जशीच्या तशी. त्यांच्या मागून सगळ्यांनी म्हटली. माझे शब्द इतक्या बायकांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. घरी येताना सासूबाई पुढे चालत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "तुला जोडता येतं गो. माझ्याकडं चाली लय हायत, शब्द संपलं."

तिथून आमच्या दोघींचं खरं बोलणं सुरू झालं.

सकाळी जात्यावर, दुपारी तांदूळ पाखडताना, संध्याकाळी चुलीपुढे त्या मला चाली देत गेल्या. त्यांना कुठल्या चालीला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. "ही माझ्या आयची," "ही वरनं दूध घेऊन यायची ती म्हातारी म्हनायची," "ही नाचणी काढताना," अशी त्यांची नावं. मी वाडीतल्या बालवाडीत शिकवू लागले होते. तिथल्या मुलांसाठी गाणी केली, बारशाला पाळणे केले, लग्नात नवरीच्या बाजूने नवऱ्याला चिडवायची कडवी केली. लिहून ठेवायची गरज पडत नसे. सासूबाईंना एकदा ऐकवलं की त्यांच्याकडे ते राहायचं. कधी एखादी ओळ ऐकून त्या नुसतं "हं" म्हणायच्या. तो "हं" खाली उतरला तर ओळ गेली आणि वर चढला तर राहिली, असं मी समजायचे.

त्या दिवसांत केलेलं एक गाणं वाडीत फार चाललं. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत. ही माणसं सणासुदीला, मे महिन्यात गावी यायची ती हातात घड्याळ, पायात बूट आणि तोंडात हिंदी-इंग्रजीचे चार-चार शब्द घेऊन. त्यांच्यावर मी गाणं केलं होतं:

*मुंबयचा पाव्हना दारात आला, म्हनतो सगल्यांना 'हॅलो'!*
*भाकरीचा वास नाकात शिरला, म्हनतो, 'आये, मी आलो!'*

या गाण्याला सगळ्यात मोठ्याने हसायचे ते आमचे चुलत दीर. मी त्यांना भावजी म्हणायचे. ते स्वतः गिरणीत होते आणि मुंबईच्या चाळीत एका गायन पार्टीत पेटी वाजवायचे. सुट्टीत आले की मला म्हणत, "वैनी, माझ्यावर अजून एक कडवं टाका." आणि मी टाकायचे.

मग गिरण्यांचा संप झाला. भावजी पेटी डोक्यावर घेऊन गावी आले आणि महिने उलटले तरी परत गेले नाहीत. वाडीतली निम्मी घरं अशी माणसांनी भरली. दिवसभर पुरुष पारावर बसलेले दिसायचे, ज्यांना आम्ही फक्त सुट्टीत बघत होतो. सुरुवातीचे दिवस गप्पांत गेले, मग गप्पाही आटल्या. भावजींना रिकामं बसवेना. त्यांनी ढोलकीवाला, झांजवाला जमवला आणि वाडीची पार्टी उभी केली. एका दुपारी ते आमच्या ओटीवर आले आणि सासूबाईंना म्हणाले, "काकी, वैनीला जयंतीच्या कार्यक्रमात गायला पाठवा. गाणी तिची, तर आवाज बी तिचाच पायजे."

दोन-तीन वडीलधारी माणसं सोबत आली होती. त्यांना हे पसंत नव्हतं. एक जण म्हणाले, "मास्तरची बायको. चार गावची मानसं बघनार. बरं दिसल काय?"

नवरा त्या दिवशी घरी होता. तो खाली बघत होता. त्याने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तो मुळात भिडस्त. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या.

"तिच्यासंगट मी जाईन," त्या म्हणाल्या. "स्टेजवर मागं बसंन. ज्याला काय बोलायचं त्यानं माझ्या तोंडावर यून बोलावं."

भावजींनी पेटीचा भाता उघडला आणि तिथेच पहिली तालीम झाली.

मी स्टेजवर गायला लागले ती अशी. पांढरी साडी, पुढे एकच माइक, डावीकडे भावजींची पेटी आणि मागे सतरंजीवर मांडी घालून सासूबाई. प्रत्येक कार्यक्रमाला त्या आल्या. बिरवाडी, नाते, पोलादपूर, कुठेही. टेम्पोच्या मागच्या बाजूला बसून आल्या, पायी आल्या. आधी फक्त बसायच्या. मग भावजींनी त्यांच्या हातात झांज दिली. ती त्या अगदी हळू वाजवायच्या, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. माइकपुढे उभं कसं राहायचं, श्वास कुठे लपवायचा, ढोलकी पुढे धावली तर तिच्यामागे कसं पळायचं नाही, हे सगळं मला भावजींनी शिकवलं. त्यांनी मला कधी शिष्या केलं नाही की स्वतः उस्ताद झाले नाहीत. चुकले तर पेटीवरून नुसते भुवई उंचवायचे.

महाडला एका शाळेच्या मैदानावर आमचा कार्यक्रम ठरला. माझं माहेरचं गाव. वडील पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ऊन उतरलं होतं, मैदान भरलं होतं. पहिली वंदना झाली, दोन गाणी झाली, आणि लोकांतून ओरडा सुरू झाला, "मुंबयचा पाव्हना! मुंबयचा पाव्हना!" मी सुरू केलं. पहिली ओळ झाली, हशा झाला. दुसरी ओळ म्हणताना माझी नजर डाव्या बाजूला गेली. तिथे गावोगावचे संपावरचे लोक उभे होते. बसायला जागा असून उभे होते. तेही हसत होते, पण एक माणूस हसता हसता खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसू लागला आणि टॉवेल तोंडावरून काढेचना.

माझा आवाज बंद झाला. ओळ आठवत होती, गळ्यातून निघत नव्हती. ज्याच्या हातातलं घड्याळ गेलं, बूट गेले, त्याच्यावर मी काय गात होते! भावजींनी पेटीवर चाल एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. भुवई उंचावली. मी नुसती उभी. मैदानात कुजबूज सुरू झाली.

आणि मागून झांज वाजली. या वेळी हळू नाही, खणखणीत. सासूबाईंनी बसल्या जागेवरून, माइकशिवाय, तीच चाल उचलली:

*गिरनीचा भोंगा बंद पडला रे, चूल माझी पेटती हाय,*
*हॅलो नको म्हनू, काय नको म्हनू, आत ये, भाकर हाय.*

हे कडवं मी केलेलं नव्हतं. त्यांनीही आधी केलेलं नव्हतं. तिथेच, त्या क्षणी आलं. शेतात हाक मारायचा तो आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेला. भावजींनी पेटी सोडली आणि दोन्ही हात तोंडावर धरले. ढोलकीवाल्याने एकट्याने ठेका सांभाळला. सासूबाईंनी कडवं परत म्हटलं. मग उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणीतरी म्हटलं, मग सगळ्यांनी. 'आत ये, भाकर हाय,' एवढंच मैदान म्हणत होतं, कितीतरी वेळ. मी माइक उचलून मागे गेले, त्यांच्याजवळ बसले आणि आम्ही दोघींनी ते गाणं पुरं केलं. वडील उठून उभे राहिले होते. त्यांची टोपी खाली पडली होती, ते त्यांना कळलंही नव्हतं.

त्या दिवसापासून सासूबाई मागे बसल्या नाहीत. कार्यक्रमात दोन माइक लागू लागले. दुसरा बुटका, सतरंजीवर बसलेल्या माणसाच्या उंचीचा.

तो काळ कॅसेटचा. भावजींच्या ओळखीतून मुंबईच्या एका लहानशा कंपनीने आमची कॅसेट काढायचं ठरवलं. आम्ही गेलो. स्टुडिओ म्हणजे एक बंद खोली, भिंतींना गोणपाटासारखं काहीतरी लावलेलं, हवा अजिबात नाही. काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रण करणारा तरुण गृहस्थ भला होता, पण घाईत होता. माझी गाणी झाली. मग सासूबाईंची पाळी आली आणि त्यांच्या तोंडून सूरच निघेना. एकदा, दोनदा, तीनदा. जो आवाज मैदानभर गेला होता तो त्या खोलीत भिंतीपर्यंतही पोचत नव्हता.

"आये, काय होतंय?" मी विचारलं.

त्या कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "हात रिकामं हायत गो. हात रिकामं असलं की मला येत नाय."

मला तेव्हा कळलं. मी त्यांना कधीही नुसतं बसून गाताना ऐकलं नव्हतं. जातं, आवण, कोयता, कार्यक्रमात झांज. इथे झांज काढून घेतली होती, कारण तिचा आवाज फार जायचा. काचेपलीकडच्या गृहस्थाला मी सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. भावजी उठून बाहेर गेले आणि जवळच्याच चाळीतून, जिथे ते पूर्वी राहायचे, सूप आणि त्यात तांदूळ घेऊन आले. सासूबाईंनी सूप हातात घेतलं, तांदूळ एकदा वर उडवून झेलले, तोंडाने फुंकर मारली आणि गायला लागल्या.

"आजी, त्याचा आवाज येतोय," काचेपलीकडून सूचना आली.

"येनारच," सासूबाई म्हणाल्या आणि गात राहिल्या.

गाणं संपलं. त्या गृहस्थाने जे मुद्रित झालं होतं ते लावून ऐकलं. तांदूळ सुपावर पडल्याचा आवाज, सर्र, सर्र, ठप्प. त्यावर तो आवाज. मग तो उठून आत आला आणि म्हणाला, "आजी, आता सगळी गाणी अशीच करू. ढोलकी थोडी मागे ठेवू." माझीही दोन गाणी त्याने पुन्हा घेतली, त्या सुपावर. माझ्या गाण्यांना लोक पुढे जे काही चांगलं म्हणाले, त्यातल्या बऱ्याचशाचं श्रेय त्या माणसाच्या कानाला जातं. त्याला झांज नको होती, तरी सूप त्याने ऐकलं.

कॅसेट खपली. फार नाही, पण आमच्या तालुक्यांत बरीच फिरली. महाडच्या बाजारात, एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर ती लागायची. मी तिथून जाताना पदर डोक्यावर घेऊन झपझप चालायचे आणि कान मात्र मागे ठेवायचे.

माझ्या नवऱ्याने या सगळ्यावर कधी काही मत दिलं नव्हतं. शनिवारी यायचा, घरातलं काम करायचा, कार्यक्रम असला तर माझ्या वाटचं पाणी भरून ठेवायचा. मला वाटायचं, याला आवडत नसावं, केवळ आईच्या धाकाने गप्प आहे. एका हिवाळ्यात तो शाळेची मुलं घेऊन रायगडावर सहलीला गेला. गड उतरून पाचाडला एका खानावळीत सगळे जेवायला बसले. तिथे कॅसेट सुरू होती. पुढचं मला त्याच्यासोबतच्या दुसऱ्या शिक्षकांनी सांगितलं. माझं गाणं संपलं आणि खानावळवाला कॅसेट बदलायला गेला. तेव्हा सगळ्या मुलांसमोर हा माझा भिडस्त नवरा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, ती राहू द्या. दुसरी बाजू लावा. आमच्या घरचीच माणसं आहेत." खानावळवाल्याला खरं वाटेना. तर याने दुसऱ्या बाजूची सगळी गाणी कॅसेटबरोबर म्हणून दाखवली. त्याला सगळी पाठ होती.

शनिवारी तो घरी आल्यावर मी विचारलं, "पाचाडला काय झालं म्हणे?"

"काही नाही," तो म्हणाला. "जेवण चांगलं होतं."

मग हात धुता धुता म्हणाला, "चौथ्या गाण्यात तू शेवटची ओळ घाईत म्हटली आहेस." आणि ते खरं होतं.

संपात गेलेली नोकरी भावजींना परत मिळाली नाही. त्यांनी गावात शिवणयंत्र टाकलं आणि पार्टी चालू ठेवली. आमचे कार्यक्रम घाटाच्या पायथ्याच्या गावांत होऊ लागले. एकदा डोंगरावरच्या एका वाडीतून निरोप आला. गुरं पाळणारे, उतारावर नाचणी-वरीची वरकस शेती करणारे लोक. त्यांच्याकडे हळद होती आणि बायकांना सुपावर गाणारी म्हातारी बघायची होती. सासूबाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "त्यांच्या दारापोतर मी लय वेळा गेलेय. सरपन घिवून. दाराच्या आत नाय गेले." तरी आम्ही दोघी सकाळीच चढायला लागलो. सासूबाईंचं चालणं आता मंद झालं होतं, दर वळणाला बसावं लागत होतं.

वर पोचलो तर अंगणात मांडव. मी सवयीने मांडवाच्या कडेला थांबले. घरची म्हातारी बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं आणि सासूबाईंचा हात धरला. "हितं उन्हात काय बसता? आत या, बाय." माजघरात कांबळं अंथरलं, तांब्याभर दूध आणून ठेवलं. सासूबाईंनी दूध प्यायला फार वेळ लावला. त्या एक घोट घ्यायच्या आणि घराच्या आढ्याकडे बघायच्या.

हळद लागली, बायका जमल्या. आम्ही गाणार तेवढ्यात एक तरणी बाई म्हणाली, "आधी आमचं जुनं गानं आयका. आमच्या आजीच्या येळचं हाय." आणि त्यांनी सुरू केलं, "मुंबयचा पाव्हना दारात आला..."

माझंच गाणं. चाल थोडी वाकलेली, त्यांच्या डोंगरासारखी, पण शब्द माझे. मी बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तसं मी ते मिटून घेतलं. त्यांचं गाणं पुढे गेलं आणि मला ठाऊक नसलेलं एक कडवं आलं:

*गोठ्यात पाडा प्यांट बघून म्हनतो, 'थांब रे, थांब रे, हॅलो!*
*मला बी शिव की आसलीच प्यांट, मी मुंबयला चाल्लो!'*

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाईही हसत होत्या, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. मग त्यांनी कुणाचं तरी सूप मागून घेतलं आणि आम्ही गायलो, ऊन कलेपर्यंत.

उतरताना मी म्हटलं, "आये, सांगू का दिलं नाही? गाणं आपलं होतं."

त्या दगडावर टेकल्या. धाप लागली होती. "सांगून काय केलं असतंस?" त्या म्हणाल्या. "त्यांनी पाड्याचं कडवं बरं घातलंय. तुला आलं का नीट? म्हन बरं."

मी म्हटलं. एका जागी चुकले. त्यांनी दुरुस्त केलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि मी बिनचूक म्हटल्यावर माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.